थकलेले भाडे आणि अर्धन्यायिक तारीख

महसूल खात्यात 'अर्धन्यायिक' असा एक शब्द रूढ आहे. उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी सकाळी टंचाई आढावा बैठक घेतो, दुपारी मोर्चाचे निवेदन स्वीकारतो, निवडणूक असेल तर मतदारयादी पाहतो, मंत्रिमहोदयांचा दौरा असेल तर विश्रामगृहावर उभा राहतो. आणि या सर्वांतून वेळ उरलाच तर खुर्चीवर बसून दोन पक्षकारांमध्ये न्याय करतो. या शेवटच्या कामाला अर्धन्यायिक कामकाज म्हणतात. या शब्दातला 'अर्ध' हा उपसर्ग अधिकाराच्या स्वरूपाबद्दल आहे, असे पुस्तके सांगतात. पक्षकाराला मात्र तो वेळेबद्दल आहे असेच वाटते, आणि पक्षकाराचे चुकते असे मला म्हणवत नाही.

हा विषय घेण्याचे कारण भाड्याची थकबाकी हे आहे. घरभाड्याचे वाद दिवाणी न्यायालयांतून काढून महसूल अधिकाऱ्यांकडे सोपवावेत, असा धोरणाचा कल गेली काही वर्षे दिसतो. छत्तीसगडने 2011 मध्ये भाडे नियंत्रण कायदा केला, तो 2012 मध्ये अमलात आला, आणि त्यान्वये उपजिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी 'भाडे नियंत्रक' झाला. केंद्राने 2021 मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातही पहिली पायरी उपजिल्हाधिकाऱ्याची आणि दुसरी अपर जिल्हाधिकाऱ्याची आहे. माझे म्हणणे असे की, या सुधारणेने खुर्ची बदलली, पण त्या खुर्चीला न्यायदानासाठी लागणारा वेळ, कारकून आणि हिशेबाची पद्धत दिली नाही. परिणामी ज्याच्या घरात कायदा वाचणारा एखादा नातेवाईक आहे त्याचे भागते, बाकीचे तारखा घेत बसतात. हे विधान हवेतले नाही. भिलाईच्या एका प्रकरणात तो नातेवाईक मीच होतो.

भिलाईबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथील घरमालक आणि भाडेकरू कोण असतात हे समजल्याशिवाय वाद समजत नाही. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि दुर्गजवळच्या या गावी पोलाद कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातील अनेक मराठी कुटुंबांना भिलाई परकी वाटली नाही. ती तेथे गेली, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहिली, मुले तेथेच शिकली. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचे असते. ज्यांना जमले त्यांनी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या रकमेतून सुपेला, नेहरूनगर, स्मृतीनगर अशा भागांत घर बांधले आणि वरचा मजला भाड्याने दिला. ज्यांना जमले नाही त्यांची मुले त्याच वरच्या मजल्यांवर भाड्याने राहू लागली. म्हणजे घरमालक हाही निवृत्त कामगार आणि भाडेकरू हाही निवृत्त कामगाराचाच मुलगा. भाडेकरूला लुबाडणारा चाळमालक किंवा घर बळकावून बसलेला भाडेकरू, ही जी दोन चित्रे आपल्या चर्चेत नेहमी असतात, ती येथे लागूच होत नाहीत.

माझा मावसभाऊ असाच. ठेकेदाराकडे पर्यवेक्षक होता. ठेका संपला, नवे काम मिळेपर्यंत काही महिने गेले आणि दरमहा 5,500 रुपयांचे भाडे थकत गेले. घर मालकिणीच्या नावावर; तिचे यजमान निवृत्त, आणि त्यांच्या घरखर्चाचा मोठा आधार म्हणजे हे भाडे. त्यांनी भाडे नियंत्रकाकडे अर्ज केला, त्यात नऊ महिन्यांचे 49,500 आणि विजेचे 3,200 असे 52,700 रुपये मागितले आणि घर रिकामे करून मागितले. नोटीस आल्यावर मावशीने मला फोन केला. तिचे पहिले वाक्य अपेक्षित होते, "अरे, तू तिथल्या साहेबांना एक शब्द टाकलास तर?"

तो शब्द मी टाकला नाही. एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला त्याच्यापुढे चालू असलेल्या प्रकरणाबद्दल फोन करणे हे सचोटीच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही, आणि त्या फोनची किंमत दुसऱ्या बाजूचे म्हातारे जोडपे देते. शासकीय सेवेत असताना वकिली करता येत नाही हेही उघड आहे. मावशी रागावली. "मग तुझ्या साहेबपणाचा आम्हाला उपयोग काय?" असे ती म्हणाली. मी तिला इतकेच म्हटले की, मावशी, मी दोन दिवसांची रजा काढून येतो आणि हिशेब मांडून देतो.

वाद पाहिला तेव्हा लक्षात आले की त्यात कायद्याचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. सात महिने भाडे दिले नाही हे भाऊ स्वतःच मान्य करीत होता. उरलेल्या दोन महिन्यांचे भाडे रोख दिले असे त्याचे म्हणणे, मिळाले नाही असे मालकिणीचे. पावती कधीच कोणी दिली नव्हती आणि मागितलीही नव्हती. अनामत 11,000 रुपये होती, तिचा अर्जात उल्लेख नव्हता. पाण्याची मोटर भावाने स्वखर्चाने दुरुस्त करून घेतली होती, त्याचे 2,300 रुपयांचे बिल त्याच्याकडे होते. त्याच्या लेखी उत्तरात ते नव्हते, कारण उत्तर लिहिणाऱ्याने विचारलेच नव्हते. अर्ज आणि उत्तर ही दोन्ही कागदपत्रे ठराविक मजकुराची होती. एकीकडे भाडेकरू लबाड, दुसरीकडे मालक जुलमी. बेरीज-वजाबाकी एकाही पानावर नव्हती.

दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या संमतीने आम्ही मालकिणीच्या घरी बसलो. दूध, किराणा, औषधे यांची तिची एक वही होती. तीत वादातल्या एका महिन्याच्या पानावर 'वरचे भाडे 5,000' अशी तिच्याच अक्षरातली नोंद सापडली. तिने ती लपविली नाही. दुसऱ्या महिन्याचा कोणताही पुरावा नव्हता, म्हणून भावाने तो आग्रह सोडला. विजेचे वेगळे मीटर होते, ती रक्कम त्याने मान्य केली. मोटरचे बिल तिने मान्य केले. हिशेब असा झाला: भाडे 49,500 वजा 5,000, अधिक वीज 3,200, वजा मोटर 2,300, म्हणजे 45,400. त्यातून अनामत वळती केल्यावर 34,400. दहा हजार लगेच, बाकी 24,400 चार समान हप्त्यांत, म्हणजे दरमहा 6,100, शिवाय चालू भाडे वेगळे. दोन हप्ते चुकले तर घर सोडावे लागेल, ही अट भावाने स्वतः लिहून दिली. तोपर्यंत त्याला दुसऱ्या ठेकेदाराकडे काम मिळाले होते. पुढच्या तारखेला भाडे नियंत्रकांनी ही तडजोड अर्ध्या तासात नोंदवून घेतली. त्या कार्यालयाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

माझी तक्रार व्यवस्थेबद्दल आहे. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवण्यासाठी परराज्यातला एक अधिकारी रजा काढून का यावा लागला? मी तेथे कायद्याचे जे ज्ञान वापरले ते नगण्य होते. मी फक्त एका कागदावर दोन रकाने आखले. हे काम त्या कार्यालयातील कोणताही लिपिक पहिल्याच तारखेला करू शकला असता, पण तसे करण्याची पद्धत कोठे लिहिलेली नाही, आणि जे लिहिलेले नाही ते आपल्या प्रशासनात घडत नाही.

जुन्या कायद्यांत या बाबतीत काही शहाणपण होते. छत्तीसगडला मध्य प्रदेशाकडून वारशाने मिळालेला 1961 चा कायदा दिवाणी न्यायालयाचा होता, संथ होता, त्याच्यावर टीका पुष्कळ झाली. पण त्यात एक साधी पायरी होती. समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात भाडेकरूने थकबाकी जमा करायची, पुढे दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत चालू भाडे भरत राहायचे. तसे केले तर केवळ थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नसे. ही सवलत वारंवार मिळत नसे. जमा केले नाही तर त्याचा बचावच खोडून टाकता येत असे. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यात हेच तत्त्व आहे: आधी नव्वद दिवसांची मागणी नोटीस, मग दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी सालीना 15 टक्के सरळव्याजासह भरली आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिले, तर घर सुटत नाही. शिवाय भाडेपावती देणे मालकावर बंधनकारक आहे आणि न देणाऱ्यास दंड आहे. या तरतुदींचा अर्थ एवढाच की, थकबाकी हा आधी पैशाचा प्रश्न आहे, घराचा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

महसूल अधिकाऱ्याकडे भाड्याचे वाद देण्याचा प्रयोग आपल्याला नवा नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. मध्य प्रांत व वऱ्हाडचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश विदर्भात 31 मार्च 2000 रोजी महाराष्ट्राचा नवा कायदा लागू होईपर्यंत चालू होता. त्याखाली नागपूरच्या घरमालकाला भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यासाठी प्रथम भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे, आणि ती मिळाल्यावर पुन्हा दिवाणी दावा करावा लागे. म्हणजे दोन दारे, दोन वकील आणि दोन अपिले. अर्धशतकाच्या या अनुभवाचा धडा स्पष्ट होता: महसूल अधिकाऱ्याला अधिकार द्यायचा तर पूर्ण द्या आणि त्याला त्यासाठी मोकळे करा. धड्याचा पहिला भाग नव्या कायद्यांनी घेतला, दुसरा घेतला नाही.

कायदे करणाऱ्यांची नजर कोठे असते, याचे उत्तम उदाहरण छत्तीसगडच्याच कायद्यात आहे. भाडे नियंत्रकाच्या निर्णयावर रायपूरच्या भाडे नियंत्रण न्यायाधिकरणाकडे अपील, इथवर ठीक होते. पण कलम 13(2) मध्ये असे लिहिले की न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्धचे अपील थेट सर्वोच्च न्यायालयात चालेल. भिलाईतल्या साडेपाच हजारांच्या भाड्याचे अपील दिल्लीला! 10 डिसेंबर 2019 रोजी राजेंद्र दिवाण विरुद्ध प्रदीपकुमार राणीबाला या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही तरतूद रद्द ठरविली. राज्य विधिमंडळाला सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क निर्माण करता येत नाही, असे त्याचे कारण. निकाल घटनात्मक अधिकाराचा आहे. मला त्यात प्रशासनाचा प्रश्नही दिसतो. अपील सर्वोच्च न्यायालयात नेण्याचा विचार मसुद्यात झाला, पण तळमजल्यावर अर्ज घेणाऱ्या लिपिकाने त्यासोबत कोणता तक्ता मागावा, हा विचार तितक्याच आस्थेने झाला असता तर घटनापीठापर्यंत जाण्याची वेळ फार थोड्यांवर आली असती.

याउलट शासन स्वतः घरमालक असते तेव्हा काय होते ते पाहा. भिलाईच्या टाउनशिपमधील क्वार्टर सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या मालकीचे असल्याने त्याला 1971 चा सार्वजनिक जागांविषयीचा केंद्रीय कायदा लागू होतो. त्यातला संपदा अधिकारी मालक संस्थेचाच अधिकारी असू शकतो. तोच नोटीस काढतो, तोच ऐकतो, तोच निष्कासनाचा आणि थकीत भाड्याचा आदेश देतो. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. जिल्हा न्यायाधीशाकडे अपील करायला बारा दिवस मिळतात, इतर दिवाणी न्यायालयांची दारे बंद. 2015 च्या दुरुस्तीने तर नोटिशीला आणि आदेशाला दिवसांची मुदत घालून दिली. हे सर्व घटनेच्या कसोटीवर टिकले आहे, आणि सार्वजनिक मालमत्ता वाचवायची तर त्याची गरजही आहे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. राज्यव्यवस्थेला मनात आणले तर भाड्याच्या थकबाकीसाठी वेगळा अधिकारी, वेगळी मुदत आणि वेगळी वसुली निर्माण करता येते. ती तिने स्वतःच्या थकबाकीसाठी केली. निवृत्त कामगाराच्या वरच्या मजल्यासाठी मात्र तोच उपजिल्हाधिकारी, आणि तोही विश्रामगृहावरून परतला तर.

यावर आमच्याच सेवेतील मित्र दोन आक्षेप घेतील. पहिला, 'हिशेब मांडणे हे वकिलांचे काम, पीठासीन अधिकाऱ्याने त्यात पडू नये.' पण छत्तीसगडच्या कायद्यात घर रिकामे करण्याचे एक कारण 'सवयीने भाडे थकविणारा भाडेकरू' असे आहे. सवय आहे की अडचण, हे महिन्यांच्या आणि तारखांच्या तक्त्याशिवाय ठरणार कसे? तक्ता हा या कायद्यात पुराव्याचा गाभा आहे, आणि गाभा मागणे म्हणजे पक्षपात नव्हे. दुसरा आक्षेप, 'तडजोडीचा मार्ग दाखवला की थकविणारे सोकावतात.' सोकावलेला भाडेकरू तडजोडीने पोसला जात नाही, तो पुढच्या तारखांवर पोसला जातो. पहिल्या दिवशी मान्य रक्कम भरायला लावणे हीच त्याची खरी परीक्षा आहे. जो भरू शकत नाही किंवा भरू इच्छित नाही तो त्याच दिवशी उघडा पडतो, आणि मालकालाही वर्षभर वाट पाहावी लागत नाही.

म्हणून कायद्यात एक शब्दही न बदलता करता येतील अशा चार गोष्टी सुचवितो.

एक, अर्जासोबत आणि उत्तरासोबत महिनावार हिशेबाचा एक छापील तक्ता सक्तीचा करावा: महिना, भाडे, मिळालेली रक्कम, कशी मिळाली, अनामत, वीज-पाणी, दुरुस्ती. तक्ता नसेल तर अर्ज अपूर्ण समजावा. भाडे आता बहुधा मोबाइलवरून दिले जाते. बँकेचा उतारा हीच पावती, हे त्या तक्त्याच्या तळाशी छापावे.

दोन, पहिल्या तारखेला दोन्ही तक्त्यांतील समान रक्कम काढून ती 'मान्य थकबाकी' म्हणून रोजनाम्यात नोंदवावी आणि ती भरण्याचे वेळापत्रक त्याच दिवशी विचारावे. वाद उरेल तो फरकापुरता. आमच्या प्रकरणात अनामत सोडली तर तो फरक अवघ्या साडेसोळा हजारांचा होता: दोन महिन्यांचे भाडे, वीज आणि मोटर.

तीन, भाड्याच्या कामाचा आठवड्यातील वार ठरवून त्या दिवशी अधिकाऱ्याला अन्य कोणतेही काम देऊ नये, आणि तो जिल्ह्याबाहेर असेल तर पर्यायी अधिकाऱ्याचे नाव आदल्या दिवशी फलकावर लावावे. तारीख मिळाली पण साहेब नाहीत, या अनुभवात भाडेकरूची एका दिवसाची मजुरी जाते आणि म्हाताऱ्या मालकाचा रिक्षाचा खर्च. तो खर्च कोणत्याही शासकीय नोंदीत दिसत नाही.

चार, विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस त्या दिवशी तेथे बसवावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. आमच्या प्रकरणातील मालकिणीला हे कोणी सांगितलेच नव्हते. त्याच कायद्याच्या व्याख्येत 'न्यायालय' या शब्दात अर्धन्यायिक प्राधिकरणही येते, म्हणजे भाडे नियंत्रकापुढील प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. तरतूद आहे, रस्ता आहे, पण दिशादर्शक पाटी नाही.

या चारही गोष्टींना लागणारा खर्च म्हणजे छापील कागद, एक फलक आणि आठवड्यातला एक दिवस. तो दिवस देणे जिल्हाधिकाऱ्याच्या हातात आहे. त्यासाठी मंत्रालयाकडे पाहण्याचे कारण नाही. अशा लहान कामांना आपल्याकडे प्रतिष्ठा नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांचे उद्घाटन होत नाही आणि वार्षिक गोपनीय अहवालात त्यांचा रकाना नसतो.

भावाचे चारही हप्ते वेळेवर गेले. तो आजही त्याच घरात राहतो आणि मालकीण आता पावती पुस्तक ठेवते. मावशीचा राग गेला आहे. पण तिचा मूळ प्रश्न, साहेबपणाचा उपयोग काय, हा रास्तच होता, फक्त तो विचारण्याची जागा घर नव्हे. भिलाईतल्या, नागपुरातल्या किंवा आणखी कुठल्या गावातल्या ज्या माणसाच्या नात्यात कोणी साहेब नाही, त्याने तो आमच्या कार्यालयाच्या खिडकीवर विचारावा, आणि त्याला उत्तरादाखल दोन रकान्यांचा तो कागद मिळावा.